कोणत्या काडतुसाची कार्बाइन?

लिव्हर-ॲक्शन कार्बाइन घ्यायला निघालेल्या माणसापुढे कंपनी, लाकूड, नक्षी, किंमत असे बरेच प्रश्न येतात. पण एका प्रश्नाचं उत्तर ठरल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नसतो: कोणतं काडतूस? अमेरिकेत ही बंदूक आजही .२२ पासून .४५-७० पर्यंत डझनभराहून अधिक कॅलिबरांत बनते. दुकानातली आणि शिकारी मित्रांची सल्ल्याची भाषा बहुतेक वेळा एकच असते. जड घ्या, जोरदार घ्या, कमी पडायला नको. हे पुस्तक त्या सल्ल्याशी मतभेद ठेवून लिहिलं आहे. माझ्या मते या बंदुकीचं कॅलिबर ठरतं ते अंतरावरून. ज्या रानात उभं राहायचं तिथे नजर किती लांब जाते, लक्ष्य किती लांब असतं आणि हात कितपत स्थिर राहतो, हे आधी पाहावं लागतं. ताकदीचे आकडे त्यानंतर येतात.

मराठी वाचकाला ही बंदूक ओळखीची आहे ती मुख्यतः काउबॉय चित्रपटांतून. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर आणली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा चढतो आणि नवं काडतूस नळीत बसतं. एवढं पडद्यावर दिसतं. दिसत नाही ती गोष्ट नळीच्या खाली असते. तिथे दुसरी, बारीक नळी आहे. हेच मॅगझिन. त्यात काडतुसं आडवी, एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलत राहते. म्हणजे प्रत्येक गोळीचं टोक तिच्या पुढच्या काडतुसाच्या बुडाला, थेट प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीवर टेकलेलं असतं. गोळी अणकुचीदार असेल तर धक्क्याने प्रायमर पेटून मॅगझिनच फुटण्याचा धोका. म्हणून या बंदुकीची गोळी चपट्या किंवा बोथट तोंडाची ठेवावी लागली.

या एका कारणातून जवळजवळ सगळं पुढे आलं आहे. चपट्या तोंडाची गोळी हवेशी झगडते, वेग लवकर गमावते, लवकर खाली येते. दीडशे-दोनशे मीटरपलीकडे तिचं गणित बिघडत जातं. तेव्हा ज्याला चारशे मीटरवरचं हरीण डोंगरउतारावर टिपायचं आहे त्याने बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यावी, हे मी सरळ सांगतो. दीडशे मीटरच्या आत मात्र हलकी, सडपातळ, झुडपांत न अडकणारी, झटपट खांद्याला येणारी लिव्हर-ॲक्शन कार्बाइन दीडशे वर्षांनंतरही मागे पडलेली नाही.

काडतुसांच्या नावांचा उलगडा इथेच करतो, कारण पुढे तो वारंवार लागेल. जुन्या अमेरिकी पद्धतीत पहिला आकडा गोळीची जाडी इंचाच्या शतांशांत सांगतो आणि दुसरा काळ्या दारूचं वजन ग्रेनमध्ये. .४४-४० म्हणजे सुमारे ०.४४ इंचांची गोळी, मागे ४० ग्रेन दारू. पंधरा ग्रेन म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. .३०-३० मधला दुसरा आकडा बिनधुराच्या दारूचा आहे. पुढे ही पद्धतच सुटली. मॅग्नम, स्पेशल अशी नावं आली आणि आकड्यांवरून काही कळेनासं झालं.

सुरुवात तशी दुबळ्या काडतुसाने झाली. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावी ऑलिव्हर विंचेस्टर हा शर्ट बनवणारा कारखानदार एका डबघाईला आलेल्या बंदूक कंपनीचा मालक झाला. त्याच्याकडच्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये आपल्या रायफलीचं पेटंट घेतलं. मॅगझिनमध्ये सोळा काडतुसं. पण हे .४४ हेन्री काडतूस जेमतेम २६-२८ ग्रेन दारूचं होतं, आणि त्याच वेळी सैन्याच्या .५८ मस्केटमध्ये एका बाराला ६० ग्रेन दारू लागे. हेन्रीने ताकद सोडली आणि बारांची संख्या घेतली. हा सौदा त्याला करावाच लागला, कारण त्याच्या यंत्रणेतला बिजागरीसारखा दुवा जास्त दाब सोसू शकत नव्हता. १८६६ च्या पितळी विंचेस्टरमध्ये आणि १८७३ च्या प्रसिद्ध मॉडेलमध्येही तोच दुवा राहिला. काडतूस कितीही मोठं करावंसं वाटलं तरी यंत्रणा कुठे थांबवते, हे ज्याला समजलं त्याला या विषयाची अर्धी वाट सापडली.

१८७३ च्या मॉडेलबरोबर .४४-४० आलं. दोनशे ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण ३८० मीटर वेग. आजच्या हिशेबाने हे फार नाही. पण काही वर्षांतच कोल्टने आपलं सहाबारी रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी बनवलं आणि एक नवी सोय जन्मली. कंबरेला रिव्हॉल्व्हर, खोगिराला कार्बाइन, आणि दोन्हींसाठी पट्ट्यात एकच प्रकारची काडतुसं. महिनोन् महिने दुकानापासून दूर राहणाऱ्या गुराख्याला याचं मोल किती असेल, हे कल्पनेने समजू शकतं. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. आज .४५ कोल्टची कार्बाइन जुन्या काळाची म्हणून हौसेने घेतली जाते. पण एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने ते काडतूस आपल्या लिव्हर-ॲक्शन बंदुकीत कधी घातलंच नाही. त्याच्या पुंगळीची कड इतकी अरुंद होती की तिला पकडून बाहेर खेचणं अवघड होतं. हे काडतूस कार्बाइनमध्ये आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बुडाची घडण बदलल्यावर.

ताकद आणि बारांचा वेग यांच्या ओढाताणीचं सर्वांत बोलकं उदाहरण मला लिटल बिगहॉर्नच्या लढाईचं वाटतं. २५ जून १८७६ रोजी मोंटानात अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाच्या तुकडीची लाकोटा, शायेन आणि अरापाहो या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांशी गाठ पडली. घोडदळाकडे स्प्रिंगफील्डची एकबारी कार्बाइन होती. सैन्याच्या लांब रायफलीत ७० ग्रेन दारूचं .४५ काडतूस असे, पण आखूड, हलक्या कार्बाइनमधून त्याचा धक्का खांद्याला झेपेना, म्हणून घोडदळासाठी दारू कमी करून ५५ ग्रेनचं वेगळं काडतूस बनवलं गेलं. १८७० च्या दशकातल्या सैन्याला जे उमगलं होतं ते आजचा खरेदीदार पुष्कळदा विसरतो. एकच काडतूस लांब रायफलीत आणि कार्बाइनमध्ये सारखं वागत नाही. १९८३ मध्ये त्या रणभूमीवरचं गवत आगीत जळालं. जमीन उघडी पडली आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी तिथे शोध घेतला. सापडलेल्या पुंगळ्यांवरच्या पिनेच्या खुणा तपासून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली हेही त्यांना सांगता आलं. योद्ध्यांच्या बाजूला हेन्री आणि विंचेस्टरच्या पुंगळ्या मोठ्या संख्येने मिळाल्या. लढाईचा निकाल बंदुकींनी लागला असं मी म्हणणार नाही, माणसांच्या संख्येतलीच तफावत प्रचंड होती. पण अंतर कमी होत जातं तसं एकबारी ताकदवान काडतुसाचं वरचढपण कसं ओसरतं, हे त्या पुंगळ्या दाखवतात.

यंत्रणेची अडचण सोडवली ती युटातल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने. दुव्याच्या जागी त्याने उभे, भक्कम पोलादी अडसर आणले. १८८६ च्या विंचेस्टरमध्ये .४५-७० बसलं. त्याच रचनेची लहान आवृत्ती १८९२ मध्ये आखूड काडतुसांसाठी आली, आणि १८९४ मध्ये मधल्या लांबीची. आजही बाजारातल्या बहुतेक कार्बाइन या तीन मापांपैकी एकाच्या आहेत, मग त्या जपानात मिरोकूने बनवलेल्या असोत किंवा ब्राझीलमध्ये रोसीने. मार्लिनच्या बंदुका आतून वेगळ्या आहेत, पण मापं साधारण हीच. म्हणून कॅलिबर निवडणं म्हणजे नकळत बंदुकीचं अंग निवडणं. .३५७ किंवा .४४ मॅग्नम म्हटलं की अडीच-पावणेतीन किलोंची चिमुकली कार्बाइन, .३०-३० म्हटलं की तीन किलोंच्या आसपासची, .४५-७० म्हटलं की रुंद आणि जाड. बंदूक हातात न घेता फक्त आकड्यांचे तक्ते वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

१८९५ मध्ये .३०-३० आलं. १८९४ च्या मॉडेलसाठी निकेल-पोलादाच्या नळ्या तयार होईपर्यंत त्याला थांबावं लागलं होतं, कारण बिनधुराच्या दारूचा दाब जुन्या पोलादाला पेलणारा नव्हता. त्याची पुंगळी .३८-५५ ची, गळ्याशी निमुळती केलेली. आजच्या नेहमीच्या भरणीत १७० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने निघते, १५० ग्रेनची त्याहून थोडी जास्त. नेम शंभर यार्डांवर बसवला तर दोनशे यार्डांवर गोळी सुमारे २० सेंटिमीटर खाली पडते. हरणाच्या मर्मस्थानाचा घेर पाहता हे सांभाळता येण्यासारखं आहे. १८९४ चं मॉडेल सत्तर लाखांहून अधिक संख्येने विकलं गेलं, त्यातलं फार मोठं प्रमाण याच काडतुसाचं. पेनसिल्व्हेनिया, मेन, मिशिगनच्या दाट रानांत पिढ्यान् पिढ्यांनी पांढऱ्या शेपटीचं हरीण याच काडतुसाने मारलं, कारण तिथे शंभर मीटरच्या पुढे झाडंच दिसतात. मला या काडतुसाबद्दल मनापासून आदर आहे. त्याच्याइतका समतोल या बंदुकीत दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही आणि नवख्या शिकाऱ्याला मी दुसरं काही सुचवत नाही.

मग .३५७ मॅग्नम कशाला? १९३५ च्या सुमारास आलेलं हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस. पण लांब नळीत त्याची दारू पूर्ण जळायला आणि गोळीला ढकलायला अवधी मिळतो. १५८ ग्रेनची जी गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास सुटते, तीच कार्बाइनमधून साडेपाचशेच्या पुढे जाते. इतका फायदा .३०-३० ला नळी कितीही लांबवली तरी मिळत नाही. शिवाय त्याच चेंबरमध्ये .३८ स्पेशल चालतं. ते स्वस्त आहे, धक्का नगण्य, आवाजही बेताचा. ज्याला दर आठवड्याला शंभर बार काढून हात बसवायचा आहे, मुलांना शिकवायचं आहे, जुन्या पश्चिमेच्या धर्तीवरच्या नेमबाजी स्पर्धांत उतरायचं आहे, त्याच्यासाठी हीच निवड. हरणासाठी मात्र मर्यादा ओळखावी. शंभर यार्डांवर .३०-३० च्या गोळीत .३५७ च्या साधारण दुप्पट ऊर्जा उरलेली असते. साठ-सत्तर मीटरच्या आत, योग्य गोळी, शांत नेम, एवढ्या अटींवर .३५७ ने हरीण मारता येतं. त्यापुढे जखमी जनावर रानात हरवण्याची शक्यता वाढत जाते, आणि ज्याला ही जबाबदारी जाणवत नाही त्याने शिकार करू नये.

.४४ मॅग्नम याच कुळातलं, पण थोरलं. २४० ग्रेनची गोळी कार्बाइनमधून सेकंदाला सुमारे ५३५ मीटर. शंभर मीटरच्या आतलं हरीण, रानडुक्कर, काळं अस्वल यांना ते पुरतं. हलक्या कार्बाइनमध्ये धक्का मात्र जाणवतो. मला विचाराल तर दाट झाडीत बसून शिकार करणाऱ्यासाठी .३०-३० नंतरचा दुसरा क्रमांक याचा.

.४५-७० ची मोहिनी मोठी आहे. अंगठ्याएवढी गोळी, दीडशे वर्षांचा इतिहास, आणि १९९८ मध्ये मार्लिनने आणलेली साडेअठरा इंची नळीची ‘गाइड गन’. अलास्कात तपकिरी अस्वलांच्या वाटेवर मासे पकडणाऱ्या माणसाने ती जवळ ठेवावी, यात वाद नाही. पण सव्वातीन किलोंच्या बंदुकीतून या काडतुसाची आधुनिक, जोरदार भरणी झाडल्यावर खांदा, गाल आणि मन तिन्ही बिचकतात. बिचकलेला माणूस पुढच्या बाराला चाप ओढताना डोळे मिटतो आणि नेम चुकतो. शिवाय पारंपरिक ४०५ ग्रेनची गोळी, शंभर यार्डांवर नेम बसवलेला असताना, दोनशे यार्डांवर अर्ध्या मीटरहून अधिक खाली पडते. म्हणजे सर्वांत जड काडतूस घेऊनही पल्ला वाढलेला नसतो. ज्याला अस्वलाशी गाठ पडायची शक्यता नाही त्याने हे ओझं का वाहावं, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

कायदाही कॅलिबर ठरवतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतला ओहायो, इंडियाना, आयोवा हा प्रदेश सपाट, शेतांचा आणि वस्तीचा. चुकलेली रायफलची गोळी तिथे फार लांब जाऊ शकते, म्हणून हरणाच्या शिकारीला अनेक वर्षं फक्त शॉटगनची मुभा होती. पुढे सरळ भिंतीच्या, म्हणजे गळ्याशी न निमुळत्या पुंगळीच्या काडतुसांना परवानगी मिळू लागली. एका नियमाने .३५७, .४४ मॅग्नम आणि .४५-७० पुन्हा मागणीत आली आणि .३०-३० तिथे बाहेर राहिलं. २०२३ मध्ये रेमिंग्टनने .३६० बकहॅमर आणलं. .३०-३० चीच पुंगळी, पण सरळ केलेली आणि खास लिव्हर-ॲक्शनसाठी. काही राज्यांच्या शिकार-नियमांतून नवं काडतूस जन्माला यावं, हे मला या विषयातलं सर्वांत रंजक वळण वाटतं.

चपट्या गोळीच्या बंधनातून सुटण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. १८९५ च्या विंचेस्टरमध्ये ब्राउनिंगने खाली पेटीचं मॅगझिन दिलं, सॅव्हेजच्या १८९९ च्या मॉडेलमध्ये फिरतं मॅगझिन होतं. दोन्हींत काडतुसं एकमेकांच्या बुडाला टेकत नाहीत, त्यामुळे टोकदार गोळी चालते. या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नाडीने मऊ, लवचिक टोकाची गोळी बाजारात आणली, जी नळीच्या मॅगझिनमध्येही सुरक्षित राहते. तिने .३०-३० चा पल्ला थोडा वाढवला. क्रांती वगैरे झाली नाही.

१८९५ चं विंचेस्टर भारतातही आलं, आणि इथला एक ठळक दुवा त्याच्यापाशी आहे. बंगळुरूचे केनेथ अँडरसन, ज्यांनी दक्षिणेतल्या नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या शिकारकथा लिहिल्या, ते याच मॉडेलची .४०५ रायफल वापरत. १९०४ मध्ये आलेलं ते काडतूस ३०० ग्रेनच्या गोळीचं. थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिकेच्या मोहिमेत तेच नेलं होतं. अँडरसनांच्या शिकारी बहुतेक जवळच्या अंतरावरच्या, रात्रीच्या, मचाणावरच्या. त्यांच्या निवडीतही अंतराचाच हिशेब दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार थांबली ते योग्यच झालं. परवान्यावर मिळणाऱ्या बंदुकींत आज इशापूरची .३१५ रायफल असते. सैन्याचं काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये या ब्रिटिशकालीन धोरणातून ते कॅलिबर रुळलं. ओहायोप्रमाणे इथेही नियमानेच काडतूस निवडलं.

हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं कारण हा भारतीय दुवा एवढंच नाही. टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलं शेजाऱ्यांबरोबर नेमबाजीला आणि शिकारीला जातात. त्यांच्या आईवडिलांना या विषयावर आपल्या भाषेत नीट वाचायला काही मिळत नाही. यंत्राच्या इतिहासात रस असलेल्या इथल्या वाचकालाही एका स्प्रिंगने, एका पुंगळीच्या कडेने दीडशे वर्षांच्या निवडी कशा बांधून टाकल्या हे पाहण्यासारखं आहे. पुढची प्रकरणं काडतुसांच्या कुळांप्रमाणे लावली आहेत, आणि प्रत्येकात पल्ला, धक्का, किंमत आणि काडतुसाची उपलब्धता यांचा विचार आहे. शेवटची बाब किरकोळ समजू नये. २०२०-२१ च्या टंचाईत .३०-३० ची खोकीसुद्धा दुकानांतून गायब झाली होती. .३५ रेमिंग्टन हे चांगलं काडतूस तर त्याआधीपासूनच मिळेनासं होत चाललं होतं. ते न मिळाल्याने कपाटात पडून राहिलेली मार्लिन मी पाहिली आहे.

एक सूचना वाचकाने पहिल्या प्रकरणाआधीच लक्षात घ्यावी, कारण तिचा संबंध जिवाशी आहे. वारशाने किंवा लिलावात मिळालेल्या जुन्या बंदुकीच्या नळीवरचं नाव आणि आजच्या खोक्यावरचं नाव सारखं असलं म्हणून काडतूस सुरक्षित ठरत नाही. .४५-७० च्या भरण्यांचे तीन दर्जे आहेत. जुन्या स्प्रिंगफील्डला सोसणारी, मार्लिनसारख्या आधुनिक लिव्हर-ॲक्शनची, आणि त्याहून भक्कम एकबारी रायफलींची. तिसऱ्या दर्जाचं काडतूस पहिल्या बंदुकीत घातलं तर ती फुटू शकते. १८७३ च्या मॉडेलमध्ये १८९२ च्या मॉडेलसाठी बनवलेली .४४-४० किंवा .३२-२० ची वेगवान काडतुसं घालू नयेत, आणि १८९४ च्या जुन्या नळीवर .३२ स्पेशल लिहिलं असेल तर त्यात .३०-३० वापरू नये. अशी बंदूक हाती आली तर पहिला बार काढण्याआधी जाणत्या बंदूक-कारागिराकडून चेंबरचं माप घ्यावं, अडसरांची झीज तपासून घ्यावी, आणि मगच काडतुसांचं खोकं विकत आणावं.